पडदा कुठे पाडायचा?

"मी आजवर लहान मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. आता पहिल्यांदाच १५ ते १८ वयाच्या वाचकांसाठी कादंबरी लिहिते आहे. नायिका १७ वर्षांची, गोष्ट तीच सांगते. तिचं आणि वर्गातल्या एका मुलाचं प्रेम हा एक धागा. दुसरा धागा तिच्या मैत्रिणीचा, जिच्यावर ओळखीतल्याच एका माणसाने जबरदस्ती केली आहे. कादंबरीच्या शेवटाकडे नायिका आणि तो मुलगा शरीराने जवळ येतात. हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा लिहिलं आणि पुन्हा पुन्हा पुसलं. संपादक म्हणतात, 'हल्लीची मुलं मोबाइलवर सगळं बघतात. जरा धीट लिहा, नाहीतर काढूनच टाका.' माझी नणंद शाळेत ग्रंथपाल आहे. ती म्हणाली, असलं पुस्तक मी मुलांच्या हातात देऊ शकणार नाही. माझी मुलगी १६ वर्षांची आहे आणि ती माझं सगळं लिखाण वाचते. या प्रकरणाचे दोन खर्डे आणि मैत्रिणीचं प्रकरण सोबत पाठवते आहे. हे प्रकरण हवं का? हवं तर कुठवर जाऊ? मुलीला काय सांगू? आणि टोपणनाव घेऊ का?"
— पुसून पुसून कागद फाटलेली

सप्रेम नमस्कार,

प्रकरण हवंच आहे, एवढं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. मात्र तुमच्या संपादकांनी दिलेले दोन्ही पर्याय मला पटलेले नाहीत. 'धीट लिहा' आणि 'काढून टाका' ही वरवर दोन टोकं दिसतात, पण मुळात समजूत एकच आहे: या प्रकरणात महत्त्वाचं काय, तर शरीरांचं काय होतं ते. मग ते दाखवा तरी किंवा झाका तरी. तुमचे दोन्ही खर्डे याच समजुतीतून आले आहेत, म्हणून ते तुम्हाला पुसावेसे वाटतात. तुमचा हात बरोबर सांगतोय.

पहिला खर्डा घ्या. मुलगा दार लावतो, आणि लगेच दोन परिच्छेद चांदणं. मग पहाट, पक्षी, आणि नायिका म्हणते, 'आता मी ती राहिले नव्हते.' मी मागे जाऊन पानं चाळली, की हिने ठरवलं कधी? कुठेच सापडेना. आधीच्या प्रकरणांत हीच मुलगी कॉलेजच्या पहिल्या दिवशी कोणत्या बाकावर बसावं यावर पानभर विचार करते. मैत्रिणीला पाठवायचा मेसेज चारदा खोडते. आणि एवढ्या मोठ्या गोष्टीपाशी आल्यावर तिचा आवाज एकदम बंद! ती घाबरली होती का? त्याने विचारलं का? तिने काय उत्तर दिलं, कोणत्या शब्दांत? मध्येच नको वाटलं तर थांबता येईल, याची तिला खात्री होती का? सोळा-सतरा वर्षांचा वाचक या प्रकरणाशी येतो तो हे प्रश्न घेऊन. तुम्ही त्याच्या हातावर चांदणं ठेवलंत. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असं झालं हे.

दुसऱ्या, 'धीट' खर्ड्यात तुम्ही पडदा उचललात खरा, पण पलीकडे बघणारे डोळे नायिकेचे नाहीत. 'माझे डोळे चमकत होते, गाल आरक्त झाले होते,' असं ती सांगते. समोर आरसा तर नाही. मग हे पाहिलं कुणी? आणि पुढचं सगळं वर्णन याच कोनातून आलंय. स्वतःच्या अंगात काय चाललंय ते सांगण्याऐवजी ती स्वतःकडे बाहेरून बघत राहते. मोठ्यांच्या कादंबरीत अशी चूक संपादक पेन्सिलीने खूण करून सोडून देतो. इथे सोडून देता येत नाही, कारण एक मोठं माणूस सतरा वर्षांच्या मुलीला न्याहाळतंय, असं वाचकाला जाणवतं. त्याला जे जाणवतं ते खरंच असतं. हा खर्डा तुम्ही ठेवू नका. सुधारूही नका.

आता 'कुठवर जाऊ?' या प्रश्नाचं सरळ उत्तर. पडदा पाडायचा, यात मला शंका नाही. तो निर्णयाच्या आधी पाडू नका, एवढंच माझं म्हणणं. नायिकेला जे विचारायचं आहे, ऐकायचं आहे, ठरवायचं आहे, ज्याची तिला धास्ती आहे, ते सगळं पडद्याच्या अलीकडे घ्या. तिथे हात आखडू नका. तीन पानं लागली तर तीन पानं द्या. त्यानंतर खुशाल पडदा पाडा. आणि तो वर जाईल तेव्हा आपण दुसऱ्या दिवशीच्या अवघडलेल्या, थोड्याशा हास्यास्पद, थोड्याशा हळव्या बोलण्यात असू द्या. मधलं तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून कुणाचंही काही अडणार नाही, आणि ते न लिहिण्याला भित्रेपणा म्हणायचं कारण नाही.

यात कायद्याचाही भाग आहे. अनेक देशांत १८ वर्षांखालच्या व्यक्तीचं उघड लैंगिक चित्रण हा गुन्हा आहे, आणि काही ठिकाणी त्या व्याख्येत नुसता मजकूरही येतो. कादंबरी आहे, पात्रं काल्पनिक आहेत, हा बचाव सगळीकडे चालेलच असं नाही. तेव्हा प्रकाशकाच्या वकिलाला आधी विचारा. पण कायदा नसता तरी माझं उत्तर हेच राहिलं असतं. सतरा वर्षांच्या मुलांच्या शरीरसंबंधाचं तपशीलवार वर्णन करणाऱ्या लेखनातून त्या वयाच्या वाचकाला काय मिळतं, हे मला आजवर कुणीही पटवून देऊ शकलेलं नाही. आणि हो, 'नायिकेचं वय १८ करून टाकते' ही पळवाट काढू नका. बारावीचा वर्ग तोच, भांडणं तीच, आईची रागवण्याची तऱ्हा तीच, फक्त एका वाक्यात वाढदिवस उरकून घेतलेला; वाचक इतका भोळा नसतो.

तुमचे संपादक धीट व्हायला का सांगतात, याचा एक अंदाज मला आहे. ही पुस्तकं नुसती किशोरवयीन मुलं वाचत नाहीत. अमेरिकेत 'बोकर' या संस्थेने २०१२ साली केलेल्या पाहणीत असं दिसलं की १२ ते १७ वयासाठी म्हणून निघालेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के ग्राहक १८ किंवा त्याहून मोठे होते, आणि त्यातले बहुतेक जण ती स्वतःला वाचायला घेत होते. म्हणजे मुखपृष्ठावर सतरा वर्षांची मुलगी, आणि पुस्तक हातात घेतलेली बाई पस्तिशीची. तिला गोष्टीत प्रौढ रंग हवासा वाटला तर त्यात तिचा दोष नाही. तिच्यासाठी वेगळं दालनही आहे: २००९ साली सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशनाने एका स्पर्धेच्या निमित्ताने 'न्यू अ‍ॅडल्ट' हे नाव पुढे आणलं. घर सोडून पहिल्यांदा एकटं राहणारी, १८ च्या पुढची पात्रं हा त्याचा इलाखा. तुम्हाला तसं पुस्तक लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण ते पुस्तक वेगळं असेल, त्यातली माणसंही वेगळी असतील. हे पुस्तक कुणासाठी आहे, हा प्रश्न संपादकांना एकदा स्पष्ट विचारा. १५ ते १८ असं उत्तर आलं तर 'धीट'चा आग्रह तिथेच सुटायला हवा.

'मुलं मोबाइलवर सगळं बघतात' याबद्दल. बरं, बघतात असं धरून चालू. मग कादंबरीने त्या पडद्याशी शर्यत कशाला लावायची? त्यात ती हरणारच, आणि जिंकली तर जास्त वाईट. उलट हा मुद्दा तुमच्या बाजूने वापरा. तिथे जे बघायला मिळतं त्यात कुणी कुणाला काही विचारत नाही. कुणी अडखळत नाही. कुणाच्या पोटात गोळा येत नाही, कुणाला मध्येच हसू फुटत नाही, कुणी 'आज नको' म्हणत नाही, आणि म्हणालं तर समोरचा ते ऐकत नाही. दुसरा दिवस तर तिथे उगवतच नाही. एवढी सगळी जागा मोकळी आहे, आणि ती सगळी लेखकाची आहे. नकार कसा द्यावा आणि मुख्य म्हणजे नकार कसा ऐकावा, हे मुलांना पाहायला मिळतं कुठे? मोठी माणसं या विषयावर बोलायला लागली की एक तर खाकरतात नाहीतर भाषण देतात.

म्हणून माझी पहिली सूचना अशी: नायिका आणि तो मुलगा जवळ येतात त्या प्रकरणाच्या आधी, एखाद-दोन प्रकरणं मागे, त्यांना एकदा थांबवा. नुसत्या जवळ बसण्यावर, हातात हात घेण्यावर थांबवा. आणि ते थांबणं पूर्ण लिहा. नमुना म्हणून, माझ्या ओबडधोबड हाताने:

"थांबूया का?" मी म्हणाले.
त्याने हात काढून घेतला. लगेच. इतका लगेच की मलाच वाईट वाटलं.
"रागावलास?"
"नाही." मग बराच वेळ काही नाही. "मला वाटलं, तुला वाटत असेल की मी घाबरलोय."
"मग? घाबरलायस?"
"हो ना!" तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही इतके हसलो की खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं.

यात साहित्यिक म्हणावं असं काही नाही, पण यानंतर वाचक त्या मुलावर विश्वास ठेवतो. पुढचं प्रकरण उभं राहतं ते या विश्वासावर. तो ऐकणारा आहे हे आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे पुढे तिचा होकार होकारासारखा वाटतो. तुमच्या आताच्या खर्ड्यात ती गप्प आहे, आणि गप्प बसलेल्या मुलीचा होकार तुम्ही गृहीत धरलाय. 'तिने डोळे मिटले' यावर तुम्ही भागवलंत. डोळे भीतीनेही मिटतात. याच कादंबरीत दुसऱ्या धाग्यात जबरदस्तीची कथा आहे, हे लक्षात घ्या. एका धाग्यातलं मौन दुसऱ्या धाग्यावर सावली टाकतं. तेव्हा तिला बोलतं करा. लांबलचक संवाद नकोत. 'नक्की?' 'नक्की. तुझं?' एवढंही पुरतं, पण ते दोन्ही बाजूंनी यायला हवं. मुलगा सदैव तयार आणि मुलीने फक्त हो किंवा नाही म्हणायचं, हा साचा मुलांवरही अन्याय करतो. त्या वयाच्या मुलालाही 'मला आज नको' म्हणायची मुभा गोष्टीत कधीतरी दिसू दे की!

आणि आता त्या गोष्टीकडे येते जिने मला तुमचा मजकूर पुन्हा पुन्हा उघडायला लावला. तुम्ही मैत्रिणीचं प्रकरण सोबत पाठवलंत हे फार बरं केलंत. त्यातली जबरदस्ती तुम्ही किती तपशिलात लिहिली आहे, याची तुम्हाला कल्पना आहे का? कोणती खोली, कोणता हात, कपड्यांचं काय झालं, सगळं क्षणाक्षणाने. आणि प्रेमाच्या प्रकरणात मात्र चांदणं आणि पक्षी. म्हणजे क्रौर्य भर उजेडात आणि माया अंधारात. तुमचा तसा हेतू नाही, हे मला ठाऊक आहे. हे तुमच्या एकटीच्या हातून घडतं असंही नाही. जबरदस्तीचं वर्णन 'वास्तव' म्हणून सहज खपतं, त्याला कुणी अश्लील म्हणणार नाही असं आपल्याला वाटतं, म्हणून पेन तिथे मोकळं सुटतं. पण सोळा वर्षांच्या वाचकाला या पुस्तकातून शरीराबद्दल तपशीलवार जे काही मिळेल ते फक्त हिंसेचं असेल, याचा विचार करा.

ते प्रकरण अर्ध्याहून कमी करा. तिथे पडदा खूप आधी पडायला हवा. त्या मुलीचं काय झालं, हे वाचकाला एका वाक्यात कळतं. तिला ते सांगायला किती महिने लागले, पहिल्यांदा कुणाला सांगितलं, ते ऐकताना ऐकणाऱ्याचं तोंड कसं झालं, आणि 'तू तिथे गेलीसच कशाला?' हे कोण म्हणालं, याला पानं द्या. अमेरिकन लेखिका लॉरी हॉल्स अँडरसन यांची 'स्पीक' ही कादंबरी १९९९ साली आली. त्यातली मुलगी पुस्तकभर जवळजवळ बोलतच नाही, आणि तिच्यावर बलात्कार झाला होता हे आपल्याला उशिरा, तुकड्यातुकड्याने समजतं. पुस्तकाचा भर घटनेवर नाही, घटनेनंतरच्या वर्षावर आहे. तरी २०१० साली अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाने वर्तमानपत्रात लेख लिहून त्या पुस्तकाला सौम्य पोर्नोग्राफीत काढलं. हे मुद्दाम सांगते आहे. तुम्ही कितीही जपून लिहिलंत तरी कुणीतरी असा निघतोच. तेव्हा सगळ्यांना पटेल असं लिहायच्या खटपटीत पडू नका. तुमच्या पात्राला काय पटेल तेवढं बघा.

शिक्षेबद्दलही बोलायला हवं. तुमच्या पहिल्या खर्ड्यात त्या रात्रीनंतर पाच पानांच्या आत नायिका परीक्षेत नापास होते, वडिलांना कळतं, आणि त्या मुलाला अपघात होतो. अपघात! बिचाऱ्याने काय घोडं मारलं होतं? इथे ज्यूडी ब्लूम या अमेरिकन लेखिकेची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. तिची 'फॉरएव्हर' ही कादंबरी १९७५ सालची. तिच्या मुलीने तिच्याकडे मागणी केली होती की दोन चांगल्या मुलांचा शरीरसंबंध येतो आणि त्यापायी दोघांपैकी कुणालाही मरावं लागत नाही, अशी गोष्ट लिही. तोवरच्या पुस्तकांत मुलीने पाऊल टाकलं की पुढच्या प्रकरणात दिवस राहिलेच, घराबाहेर काढलंच, नाहीतर मरणच आलं. मुलीने नेमकं ते हेरलं होतं. ब्लूमच्या गोष्टीत शेवटी काय होतं? ते प्रेम टिकत नाही. नावातच 'कायमचं' आहे आणि ते कायमचं राहत नाही, बस. नायिका मरत नाही, उद्ध्वस्त होत नाही, तिला दुसरं कुणीतरी आवडायला लागतं. पन्नास वर्षांनंतरही ते पुस्तक छापलं जातं, वाचलं जातं, आणि शाळांच्या ग्रंथालयांतून काढून टाका म्हणून त्याच्याविरुद्ध तक्रारीही होतात. अमेरिकन ग्रंथालय संघाने १९९० च्या दशकात सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांची यादी केली, त्यात ते आहेच.

परिणाम असू नयेत असं मी म्हणत नाही. परिणाम हवेतच, पण ते या दोन माणसांमधून यायला हवेत. ती दुसऱ्या दिवशी त्याच्याशी विनाकारण तुटक वागते. तो मित्रांना सांगेल का, या विचाराने तिचं वर्गात लक्ष लागत नाही. तो सांगतो किंवा सांगत नाही. दोन्हींत गोष्ट आहे. आईशी बोलताना आपण काहीतरी लपवतोय, हे पहिल्यांदाच तिला जड वाटतं. हे परिणाम झाले. अपघात ही लेखिकेने वरून टाकलेली वीज आहे. तुम्ही कुणाच्या तरी डोळ्यांना घाबरून ती टाकलीत, बहुधा ग्रंथपाल नणंदेच्या.

गर्भनिरोधकांचा विषय तुम्ही टाळलाय. टाळू नका, पण माहितीपत्रकही वाटू नका. ब्लूमच्या कादंबरीत नायिका त्यासाठी दवाखान्यात जाते, ते सविस्तर येतं. पुढच्या आवृत्त्यांत लेखिकेला त्याला एक टीप जोडावी लागली: सत्तरच्या दशकात जबाबदारी म्हणजे नको असलेलं गर्भारपण टाळणं एवढाच अर्थ होता, आता एचआयव्हीसारख्या आजारांपासून स्वतःला वाचवणंही त्यात येतं. वैद्यकीय तपशील असे शिळे होतात. गर्भनिरोधक विकत घ्यायला गेल्यावर काउंटरवर उडणारी त्रेधा मात्र शिळी होत नाही. तो मुलगा रांगेत उभा राहतो, आपली पाळी आल्यावर डोकेदुखीची गोळी मागून परत येतो, असं एक पान लिहा. वाचक हसेल, आणि ही गोष्ट आधी विचार करून करायची असते हेही त्याच्या डोक्यात जाईल. उपदेश शून्य.

भाषेचं एक. मराठीत या विषयावर लिहायला बसलं की एकीकडे पाठ्यपुस्तकातले संस्कृत शब्द उभे असतात आणि दुसरीकडे शिव्या. मधली जागा ओस. म्हणून आपण सगळे निसर्गात पळतो: लाटा, कळ्या, वादळं. तुमची नायिका बाकीच्या पुस्तकात कसं बोलते? 'वैताग आला', 'काहीच्या काही', 'माझं डोकंच चालेना'. तसंच तिला इथे बोलू द्या. भीती वाटली तर 'मला भीती वाटली' म्हणू दे. पडदा वेळेवर पडला की अडचणीच्या शब्दांची वेळच फारशी येत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

तुमच्या नणंदेशी मात्र भांडू नका. ती पुस्तक वाईट आहे असं म्हणाली नाही, मी देऊ शकणार नाही असं म्हणाली. तिला पालकांना, मुख्याध्यापकांना उत्तर द्यावं लागतं. तिला नवा खर्डा वाचायला द्या आणि नेमकं विचारा, कोणती वाक्यं तुला अडतात? मला वाटतं, ती प्रेमाच्या प्रकरणापेक्षा मैत्रिणीच्या प्रकरणावर जास्त बोटं ठेवेल. मागच्या कव्हरवर पुस्तकात काय आहे ते साध्या शब्दांत लिहा: वय, पहिलं प्रेम, एका जबरदस्तीची कथा. लपवून विकलेलं पुस्तक पालकाच्या हातात चुकून पडलं की तो चिडतो, आणि त्यात त्याची चूक नसते. ज्या मुलांनी असं काही स्वतः सोसलंय त्यांनाही आधी कळलेलं बरं. एवढं करूनही नणंद नाही म्हणाली तर तिच्या शाळेत ते पुस्तक नसेल. दुसरीकडे असेल.

मुलीबद्दल तुम्ही फार चिंता करता आहात असं वाटतं. एक करा: हे प्रकरण तिला खर्ड्यात वाचायला देऊ नका. तिचं मत मागू नका. 'तुला हे बरोबर वाटतं का?' असं आईने विचारलं की मुलीला त्यात लपलेला दुसरा प्रश्न ऐकू येतो, आणि मग ती कादंबरीबद्दल उत्तर देत नाही, स्वतःचा बचाव करते. पुस्तक छापून येऊ द्या, पूर्ण पुस्तक तिच्या हातात द्या. तिने ते प्रकरण वाचावं, गाळावं, रात्री एकटीने वाचावं, मैत्रिणीला वाचून दाखवावं, तिची मर्जी. तिने काही विचारलं तर जेवढं विचारलं तेवढ्याचं उत्तर द्या. विचारलं नाही तर जेवायच्या टेबलावर विषय काढू नका. 'ही नायिका म्हणजे मी का?' असं मात्र ती नक्की विचारेल. तेव्हा तुमच्याकडे खरं उत्तर तयार असू द्या. म्हणून आत्ताच तपासा: नायिकेच्या केसांची ठेवण, तिचं आवडतं गाणं, दार आपटायची सवय, यांतलं काही मुलीकडून उचललं असेल तर बदला. या एका बाबतीत तडजोड नको.

टोपणनावाचं शेवटी ठेवलं, कारण तो प्रश्न बाकीच्यांइतका अवघड नाही. लहान मुलांच्या गोष्टींवर तुमचं जे नाव आहे ते बघून आठ वर्षांच्या मुलाची आजी हे पुस्तक उचलू शकते. तेवढ्या व्यावहारिक कारणासाठी वेगळं नाव घ्यायला काही हरकत नाही. अनेक लेखक दोन वयोगटांसाठी दोन नावं वापरतात, आणि दोन्ही त्यांचीच आहेत हे लपवतही नाहीत. लाजेपोटी घेणार असाल तर आधी नवा खर्डा लिहून पाहा, मग ठरवा. घेतलंच तर करारात तुमचं खरं नाव आणि टोपणनाव दोन्ही असू द्या, हक्क कुणाच्या नावावर राहणार ते स्पष्ट लिहून घ्या, आणि नाव कधी उघड करायचं हे ठरवण्याचा अधिकार प्रकाशकाकडे न देता स्वतःकडे ठेवा. नवा खर्डा झाला की मला फक्त ते थांबण्याचं प्रकरण पाठवा, बाकीचं नंतर बघू.